अहो लावून दिलेली शिवी

‘‘ए बैला! बॉल आलाय का वरात आलीया? बघत काय उभारलाईस!’’

माझ्या उजव्या कानाशेजारून हा आवाज सुटला आणि थेट मैदानाच्या मध्यावर जाऊन पडला. मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. कारण मैदानावरचा तो बैल म्हणजे माझा नवरा होता, आणि ओरडणारे माझे सासरे.

त्यांचं पाहून सगळी गॅलरी उठली. ‘‘धैर्या, पाय हाय का पायताण?’’ ‘‘आरं, जेवून आलाईस का झोपून?’’ आणि पुढं जे काही आलं ते मी सांगणार नाही, माझ्या माहेरची माणसंही हे वाचतील. समोरच्या बाजूला दुसऱ्या तालमीचे लोक बसले होते. ते बिचारे आमच्या खेळाडूंना अवाक्षर बोलत नव्हते. त्यांना गरजच काय होती? आम्हीच पुरेसे होतो.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय प्रकरण आहे, हे वाईत वाढलेल्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरात मोठ्यानं फक्त पाढे म्हणायचे. इथं मात्र पेठेपेठेला तालीम, आणि तालमीतल्या पैलवानांच्या नातवंडांनी लाल माती सोडून बॉल धरलेला. आमची चिंचेश्वर तालीम. आमचे हे तिथले बॅक, म्हणजे गोलीच्या पुढं उभं राहून येईल त्याला अडवणारे. सासरेही त्यांच्या काळी बॅकच होते. सगळी पेठ त्यांना नाना म्हणायची, मी मामंजी म्हणायची.

आणि हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

म्हणजे अगदी नाहीच. मामंजी सूतगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. रिटायर होताना त्यांनी तिथल्या साहेबांना शब्द दिला होता, माझा पोरगा माझ्या जागी येईल म्हणून. पोरगा गेला शिरोलीच्या कारखान्यात, लेथवर. ‘‘मला न विचारता शब्द दिलाच कसा?’’ असं हे एकदा म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात जो अबोला बसला तो बसलाच. सासूबाई आधीच गेलेल्या. आमचं लग्नसुद्धा शेजारच्या गजराकाकींनी मध्ये पडून जमवलं. बाप काकींना सांगायचा, काकी लेकाला सांगायच्या. मी येईपर्यंत दोघं घरात भिंतीशी बोलायचे म्हणे. मी आल्यावर भिंतीची सुटका झाली.

‘‘सूनबाई, त्याला म्हणावं पाण्याची मोटर चालू कर.’’

हे मोटरच्या शेजारीच उभे असायचे. पण मी म्हणेपर्यंत बटणाला हात लावायचे नाहीत.

‘‘अहो, मोटर चालू करा म्हणतात.’’

‘‘लाइट गेलीय म्हणून सांग.’’

‘‘लाइट गेलीय, मामंजी.’’

‘‘मला दिसतंय की!’’

असं सगळं. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मला दिवस गेले, आणि हसू येईनासं झालं. बोलून चालून घरात दोनच पुरुष, तेही मुके. माझं बाळ काय ऐकत मोठं होणार, या विचारानं मी कासावीस व्हायची.

त्या उन्हाळ्याची मला सगळी आठवण झोपेतली आहे. दिवस गेलेल्या बाईला जशी सारखी पेंग येते तशी मला यायची. बसल्या जागी डोळे मिटायचे, आणि मिटले तरी डोळ्यांपुढं पिवळंधमक ऊन असायचं. मैदानावर गेलं की ते ऊन धुळीत मिसळायचं, त्यात आमच्या लोकांचे निळे बनियन तरंगायचे, वर आभाळात घारी एका जागी थांबल्यासारख्या. सगळं लांब, सगळं मऊ. शेंगांचा खमंग वास यायचा. आणि त्या मऊ झोपेत मधूनच मामंजींचा आवाज फाटकन फुटायचा, ‘‘आंधळ्या कोशिंबिऱ्या! मागं कोण आलंय बघ की!’’

मला वाटायचं, घरात बोलत नाहीत, आणि लोकांत मात्र हा असा उद्धार. किती राग असावा माणसाच्या पोटात!

एकदा घरी आल्यावर यांच्या गुडघ्याला हळद लावताना मी विचारलंच, ‘‘तुम्हाला वाईट नाही वाटत?’’

‘‘कशाचं?’’

‘‘एवढ्या शिव्यांचं.’’

ते हसले. ‘‘कुठल्या शिव्या?’’ म्हणाले, आणि कूस बदलून झोपी गेले. मला वाटलं, सहन करतात बिचारे.

सेमीफायनल जिंकून आले त्या संध्याकाळी त्यांनी मला पुण्याचं सांगितलं. एका कंपनीचा संघ होता. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. त्यांचा माणूस येऊन यांचा खेळ बघून गेला होता.

‘‘फायनल झाली की होय म्हणून कळवणार,’’ ते म्हणाले.

‘‘आणि मामंजी?’’

‘‘त्यांना तू सांग.’’

‘‘ते विचारतील, का जातोय म्हणून.’’

ते बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडवत बसले. मग म्हणाले, ‘‘या घरात मला धाप लागते, वैजू.’’

मला पुण्याला जायचं नव्हतं. नवऱ्याच्या मागं कुठंही जायला ना नव्हती, पण असं? म्हातारा एकटा घरात राहणार, आणि बापलेक न बोलता एकमेकांना कायमचे दुरावणार? एकदा गेले की झालं. मग कुणाच्या तरी मयतीलाच भेटायचं. मी ठरवलं, आपण काहीतरी करायचं. आणि काय करायचं हे मला, शाळामास्तरांच्या मुलीला, अगदी स्वच्छ दिसत होतं.

फायनलच्या आदल्या दुपारी मामंजी परसात चहा पीत बसले होते. बशीत ओतून, फुंकर घालून.

‘‘मामंजी, एक मागू का?’’

‘‘माग की. चिंच पायजे? कवठ आणू?’’

‘‘उद्या मैदानावर तुम्ही गप्प बसा.’’

बशी ओठांपाशी थांबली.

‘‘यांना काही म्हणू नका. ओरडू नका. एवढं एकच मागते.’’

‘‘का गं?’’

मग मी पुण्याचं सगळं सांगून टाकलं. वर पदरचं घातलं, ‘‘चारचौघांत रोज शिव्या खाऊन कोण राहील, मामंजी? ते माणूसच आहेत ना!’’

‘‘त्यो म्हणाला तसं? शिव्यांपायी जातोय म्हणून?’’

‘‘म्हणायला कशाला पाहिजे? दिसतंच ना.’’

मामंजींनी बशी खाली ठेवली. चहा तसाच निवला. कुंपणावर एक कावळा बसला होता, त्याच्याकडं ते इतका वेळ बघत राहिले की मला उभ्याउभ्या पेंग आली.

‘‘गप बसलो तर ऱ्हाईल म्हणतीस?’’

‘‘राहतील.’’

‘‘मग न्हाई वरडणार. शब्द दिला तुला.’’

दुसऱ्या दिवशी मैदानाला जत्रेची कळा आली होती. समोर नागझरी तालीम, आमचे जुने वैरी. मी मध्ये बसले, एका बाजूला गजराकाकी, दुसऱ्या बाजूला मामंजी. मामंजींनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याचं एक टोक दातांत धरलं आणि खेळ सुरू झाल्यावर ते चावत बसले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘‘नाना, बरं हाय न्हवं? आज आवाज न्हाई?’’ त्यांनी नुसता हात हलवला.

मी मात्र खुशीत होते. यांनी दोनदा वळून गॅलरीकडं बघितलं, तेव्हा मला वाटलं, बघा, बघा, आज बाप गप्प आहे, आज निवांत खेळा.

आमच्या तालमीनं त्या वर्षी गोव्याहून एक खेळाडू आणला होता. सिल्वेस्टर नाव. हाफ टाइमच्या जरा आधी त्याच्यासमोर मोकळा गोल होता, बाळानंसुद्धा बॉल पायानं आत ढकलला असता. त्यानं बॉल पार गॅलरीत मारला. मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, आता याचं काही खरं नाही.

तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! ‘‘असू दे, असू दे. चांगला प्रयत्न!’’

‘‘काकी, याला का नाही कुणी बोलत?’’

‘‘त्याला कशाला बोलतील?’’ काकी शेंगा सोलत म्हणाल्या. ‘‘पावना हाय त्यो. आज हितं, उद्या मडगावला. पावन्याला कोण बोलतंय बाई? त्याचं चुकलं तर चुकलं. आपल्या पोराचं चुकलं तर आपलं चुकतंय की.’’

मी हो म्हटलं खरं, पण उन्हानं डोकं जड झालं होतं. ते बोलणं माझ्या कानांवरून धुळीसारखं निघून गेलं.

हाफ टाइमनंतर ते घडलं. नागझरीचा एक पोरगा डाव्या बाजूनं एकटाच सुटला. आमचे हे मध्येच थांबले. पळायचं कुठं हे जणू त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी मान वर करून गॅलरीकडं बघितलं, आणि तेवढ्यात बॉल त्यांच्या बाजूनं निघून जाळीत गेला.

गॅलरी पेटली. काय काय म्हणून लोक बोलले नाहीत! आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना आमच्या बाजूला वळल्या, कारण असल्या वेळी शेवटचा शब्द नानांचा असायचा. मामंजी उठले. त्यांनी टॉवेल दातांतून काढला, घडी करून खांद्यावर ठेवला, आणि दोन्ही हात पुढं घेऊन हळूहळू टाळ्या वाजवल्या.

‘‘असू दे,’’ ते म्हणाले. ‘‘चांगला प्रयत्न.’’

काकींच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. ‘‘अगं आई गं,’’ त्या पुटपुटल्या, ‘‘नानानं टाळ्या वाजवल्या की.’’

आमची बाजू चिडीचूप झाली. त्या शांततेत टाळ्या लांबवर ऐकू जात होत्या. हे मैदानात उभे होते, हात लोंबकळत सोडून. चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याच घराच्या दारात कुणी ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारावं, तसा तो चेहरा होता. म्हातारा गप्प होता मुलगा राहावा म्हणून. आणि मुलगा तिकडं समजून चुकला होता की बापाला पुण्याचं कळलंय, आणि बापानं आपल्याला सोडून दिलं. घरात शब्द नव्हता. उरला होता तो एवढा मैदानावरचा. तोही मी काढून घेतला होता.

माझी झोप खाडकन उतरली.

‘‘मामंजी, बोला!’’

‘‘न्हाई.’’

‘‘अहो बोला, ओरडा, काय वाटेल ते म्हणा. मी शब्द परत करते तुमचा.’’

‘‘शब्द काय उसना आणलेला तांब्या हाय, परत करायला?’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘वरडणार न्हाई म्हणालो, न्हाई वरडणार.’’

शब्दापायी दोन वर्षं मुलाशी न बोलणारा माणूस, तो काय ऐकणार! खेळ पुन्हा सुरू झाला होता. हे चालत होते. पळत नव्हते, चालत होते. आणि माझ्या शेजारी मामंजी पायानं जमीन उकरत, अगदी ओठांतल्या ओठांत, पुटपुटत होते, ‘‘डावीकडं सरक… डावीकडचा मोकळा सोडलास की रं बैला…’’

मी उभी राहिले. पदर डोक्यावरून घसरला तो तसाच राहू दिला. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर मी नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. शिवी तर जन्मात कुणाला दिली नव्हती. कशी देतात हेही माहीत नव्हतं. पोटावर हात ठेवला, आणि होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून ओरडले,

‘‘अहो धैर्यशील सरनाईक! झोपलात काय? डावीकडचा मोकळा सोडलात की हो, बैल!’’

मला तर वाटलं, वरच्या घारीही थांबल्या. मग सगळी गॅलरी जी फुटली! माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. ‘‘अहो बैल!’’ ‘‘आरं, वैनी बैलाला अहो म्हणायलीया!’’ काकी तर माझा हात धरून, ‘‘खाली बस गं, पोटुशी हाईस, खाली बस,’’ म्हणत स्वतःच उभ्या राहिल्या होत्या.

मी कसली बसते! मामंजींच्या ओठांकडं कान होता माझा.

‘‘मागं बघ म्हणावं त्याला, मुडद्याला,’’ ते पुटपुटले.

‘‘अहो, मागं बघा! मुडदे कुठले!’’

‘‘उंच मार. काय गल्लीत खेळायलाईस?’’

‘‘उंच मारा! गल्लीत खेळताय का?’’

पहिल्या हाकेलाच हे वळले होते. दुसरीला त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या शेजारी ओठ हलवत बसलेल्या म्हाताऱ्याकडं बघितलं. तेवढ्या लांबूनही मला दिसलं, त्यांना कळलं. आवाज माझा होता, शब्द कुणाचे होते ते त्यांनी ओळखलं. लहानपणापासून त्याच शब्दांवर तर ते पळत आले होते. मान खाली घालून ते एकदम हसले, आणि धावत सुटले.

त्यानंतर त्या बाजूनं नागझरीचं पाखरू गेलं नाही. एकदा तर जाळीत चाललेला बॉल यांनी गोलीच्या मागून जाऊन छातीवर घेतला, खांबावर आपटले, उठले. ओरडून ओरडून लोकांचे घसे बसले. पण अंगावर बसलेला गोल काही आम्हाला फेडता आला नाही. त्या एका गोलानं आम्ही हरलो. माझा घसा असा बसला होता की पाणी मागायला तोंडातून शब्द फुटेना.

संध्याकाळी आम्ही तिघं पायीच घरी निघालो. ऊन उतरलं होतं. रस्त्यावरची धूळ सोनेरी झाली होती, आणि पेठेतली माणसं ओट्यांवर तोंडं पाडून बसली होती. मामंजी पुढं, हे त्यांच्यामागं हातात बूट घेऊन, मी सगळ्यांत मागं. नेहमीसारखे तिघं तीन दिशांना तोंड करून चाललेलो. मला वाटलं, आता कुणीतरी वळून मला म्हणेल, त्याला सांग, त्यांना सांग. आज तर मला बोलताच येत नव्हतं.

चिंचेश्वराच्या देवळापाशी हे थांबले.

‘‘नाना.’’

मामंजी थांबले. वळले नाहीत.

‘‘नाना, टाळ्या का वाजवल्या?’’

देवळातली घंटा कुणीतरी वाजवली, तिचा नाद विरेपर्यंत मी श्वास धरून उभी होते.

‘‘तुझ्या बायकूला इचार,’’ मामंजी समोर बघत म्हणाले. ‘‘शिव्यांपायी पुण्याला जायलाईस म्हणं तू. म्हटलं, न्हाई देत. पण पोरगं जायला नको.’’

‘‘शिव्यांपायी?’’ यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, होय कशाला आणि नाही कशाला मलाच कळलं नाही. ‘‘नाना, घरात तुम्ही बोलत नव्हता. तिथं तेवढं बोलत होता. तेवढ्यासाठी तर मी खेळत होतो. आज टाळ्या वाजवल्या, मला वाटलं… संपलंच सगळं.’’

मामंजी आता वळले. त्यांनी मुलाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. फुटलेला गुडघा, फाटलेला बनियन, खांबावर आपटून सुजलेलं कपाळ. आणि मग त्यांनी, भर रस्त्यात, देवाच्या दारात, सगळी पेठ ऐकत असताना, माझ्या नवऱ्याला अशी एक शिवी हासडली की ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तिच्यात त्यांचा स्वतःचाही उद्धार होता, माझ्या सासूबाईंचाही होता, आणि डावी बाजू मोकळी सोडल्याचाही होता.

ती ऐकून आमचे हे, एवढा दांडगा माणूस, हातातले बूट तसेच धरून ढसाढसा रडायला लागले.

‘‘गप की आता,’’ मामंजी म्हणाले. ‘‘लोक बघायलेत. चल घरी, त्या कपाळाला काहीतरी लावू.’’